दोष कोणाच्या पदरी?

दिवाळीच्या आधी चार दिवस घरोघर कढया चढतात आणि एखाद्या घरी चकली तेलात पडताच विरघळते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांचे डोळे कढईपाशी बसलेल्या सुनेकडे वळतात. भाजणी आठ दिवसांपूर्वी दुसऱ्याच कोणी तरी भाजलेली असते, ती दळणारा गिरणीवाला तिसराच, मोहन घालताना हात सैल सोडणाऱ्या सासूबाई चौथ्या, आणि आचेकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पण चकली विरघळली ती सुनेच्या झाऱ्याखाली. म्हणून दोष तिच्या पदरी. घटना शेवटी ज्याच्या हातून घडली तोच तिचा कर्ता, असा आपल्या मनाचा जुना कायदा आहे. काही मोडले, बुडाले, जळाले की ‘कोणी केले?’ हा प्रश्न आपल्या तोंडून आधी निघतो आणि ‘कसे झाले?’ हा मागाहून. पुष्कळदा निघतही नाही, कारण पहिल्याचे उत्तर हाती आले की दुसऱ्याची गरज आपल्याला भासत नाही.

सणाच्या अंकात विमानांच्या अपघातांचा विषय काढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु या दोन प्रश्नांची ताटातूट जगात कोणी निग्रहाने केली असेल, तर ती या अपघातांची चौकशी करणाऱ्यांनी. १९४४ साली शिकागो येथे राष्ट्राराष्ट्रांत करार झाला आणि त्यातून नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. त्या कराराला जी परिशिष्टे जोडली गेली त्यांतले तेरावे अपघातांच्या चौकशीविषयी आहे. ते १९५१ साली प्रथम स्वीकारले गेले. त्याचा गाभा थोडक्यात असा: चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा देणे कोणाच्या माथी मारणे हा तिचा हेतूच नव्हे.

मी कादंबऱ्या लिहितो. खलनायकावाचून कथानक उभे राहत नाही, हा धडा मला वाचकांनीच शिकवला आहे. हे वाक्य प्रथमदर्शनी अंग काढून घेण्याच्या भाषेतले वाटते, ते यामुळेच. शेकडो माणसे मेली आणि दोष कोणाचाच नाही? वाक्याच्या आत शिरले की ते तसे नाही हे कळते. मात्र ते पुरेसे आहे असेही मला वाटत नाही.

चौकशी चालते ती अशी. अपघात ज्या देशात झाला तो देश ती चालवतो. विमान जिथे बनले, जिथे नोंदले गेले आणि ज्याची कंपनी ते चालवत होती, त्या देशांचे प्रतिनिधी तिला बसतात. कोणता तुकडा कोठे पडला याचा नकाशा काढतात, धातूच्या चिरांकडे भिंगातून पाहतात, दुरुस्तीच्या वह्या चाळतात. ‘काळी पेटी’ म्हणून जिची ख्याती आहे ती वस्तुतः नारिंगी रंगाची असते, राखेत आणि चिखलात चटकन दिसावी म्हणून. वैमानिकांचे शेवटचे बोलणे जपून ठेवण्याची कल्पना मेलबर्नच्या डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात पुढे आणली. त्याचे वडील १९३४ साली बासच्या सामुद्रधुनीवर नाहीशा झालेल्या विमानात होते. समुद्राने ते विमान परत दिले नाही. मुलाने जन्मभर खपून मेलेल्यांना बोलते करण्याची सोय केली, हा योगायोग एखाद्या कादंबरीत आला असता तर टीकाकारांनी त्याला भडक म्हटले असते.

बोलते करणे आवश्यकच होते. कारण मेलेला माणूस साक्ष देत नाही आणि यंत्राला वाचा नसते. या दोन मुक्यांच्या मध्ये ‘वैमानिकाची चूक’ हा निकाल सर्वांनाच सोयीचा होतो. जिवंत वैमानिकाचीही गत फारशी निराळी नसे. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या विमानतळावर कॉमेट जातीचे नवेकोरे जेट विमान वर न उठता धावपट्टीच्या पलीकडे जाऊन आदळले. जीव कोणाचा गेला नाही. कप्तानाने विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, असा निकाल लागला. पुढच्या मार्च महिन्यात कराचीला त्याच जातीचे दुसरे विमान तसेच उठू शकले नाही आणि ११ माणसे ठार झाली. त्यानंतर त्या विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला. आता चूक निव्वळ कप्तानाची असेल, तर पंख बदलण्याचे कारण काय? माझ्या मते अशा प्रकरणांत निकालपत्र मागाहून वाचावे. आधी दुरुस्त्या काय केल्या ते पाहावे. खरे काय ते तिथे लिहिलेले असते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १९९६. दिवाळीचेच दिवस होते. दिल्लीहून नुकतेच उडालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे उतरत येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर समोरासमोर धडकले आणि ३४९ माणसे गेली. दोन्ही विमानांतले कोणीही वाचले नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दिसून आले, की कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबण्याची आज्ञा असताना ते खाली १४,००० फुटांकडे उतरले होते. दोष स्पष्ट होता आणि तो दिला गेला. पण पुढे काय काय बदलले पाहा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना तोवर एकच वाट होती, कारण बाकीचे आकाश लष्कराकडे होते. त्या वाटा निराळ्या झाल्या. दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. ती दाखवणारे रडार आले. आणि समोरून येणाऱ्या विमानाची चाहूल घेऊन वैमानिकाला ‘वर जा’, ‘खाली जा’ असे सांगणारे यंत्र भारताच्या आकाशातून जाणाऱ्या विमानांना सक्तीचे करण्यात आले. दोषी एक ठरला. दुरुस्ती मात्र साऱ्या घराची करावी लागली.

हेच यंत्र पुढच्या गोष्टीतही आहे, आणि त्या गोष्टीपाशी मला जरा थांबायचे आहे.

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी युबरलिंगेन नावाचे गाव आहे. तिथले आकाश जर्मनीचे; पण त्याची राखण सरोवरापलीकडच्या स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नियंत्रण केंद्राकडे होती. १ जुलै २००२ च्या रात्री त्या आकाशात दोन विमाने ३६,००० फुटांवरून एकमेकांच्या वाटेवर येत होती. एकात मालाची पेटारी आणि दोन वैमानिक. दुसऱ्यात ६९ माणसे, आणि त्यांतली ५२ मुले. रशियातल्या उफा शहरची ही मुले स्पेनला सहलीला निघाली होती. मॉस्कोत त्यांचे ठरलेले विमान हुकले, म्हणून हे खास विमान करून दिलेले होते.

झुरिकच्या खोलीत त्या रात्री नेमणूक दोन नियंत्रकांची होती. रहदारी मंदावली की एकाने शेजारी जाऊन विसावा घ्यावा, हा तिथला वर्षानुवर्षांचा रिवाज. वरिष्ठांना तो ठाऊक होता आणि चालत होता. उरलेला एक जण दोन पडद्यांपुढे एकटा बसला होता. त्याच रात्री तंत्रज्ञांनी दुरुस्तीचे काम काढले होते. त्यामुळे विमाने फार जवळ आल्याची सूचना पडद्यावर देणारी सोय बंद होती आणि मुख्य टेलिफोनही बंद होता. तेवढ्यात उशीर झालेले एक तिसरेच विमान जवळच्या विमानतळावर उतरायला आले. त्याच्यासाठी नियंत्रक त्या विमानतळाला टेलिफोन लावू लागला. पर्यायी टेलिफोनही लागेना. उत्तरेला कार्ल्सरुहच्या जर्मन नियंत्रकांना आपल्या पडद्यावर धोका दिसला होता. त्यांनी झुरिकला पुन्हा पुन्हा टेलिफोन केला. तो कुठून लागणार?

नियंत्रकाचे लक्ष गेले तेव्हा मिनिटभराचाही अवधी उरला नव्हता. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. त्याच सुमारास त्या विमानातले यंत्र बोलू लागले: वर जा. मालविमानातले यंत्र त्या वैमानिकांना सांगत होते: खाली जा. यंत्रांचे आपसांत जुळलेले होते. दोघांचे ऐकले असते तर दोघे वाचले असते. यंत्र वर जायला सांगते आहे, हे रशियन विमानातल्या सहवैमानिकाने बोलूनही दाखवले. पण नियंत्रकाने आज्ञा दुसऱ्यांदा दिली, आणि कप्तानाने माणसाचे ऐकले. मालविमानाने यंत्राचे ऐकले. दोघेही खाली आले. रात्रीचे ११ वाजून ३५ मिनिटे झाली होती. ७१ जणांतला एकही उरला नाही.

चकलीचा न्याय लावला तर दोष कोणाचा? कढईपाशी बसलेल्याचा. नियंत्रकाने आज्ञा चुकीची दिली. कप्तानाने यंत्राचे ऐकले नाही. जर्मन चौकशी मंडळाने या दोन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या. पण अहवाल तिथे थांबला नाही. रात्री एकट्याला बसवण्याचा रिवाज कोणी चालू दिला? माणूस आणि यंत्र निराळे सांगू लागले तर कोणाचे ऐकावे, याचा निःसंदिग्ध नियम वैमानिकांच्या पुस्तकांत का नव्हता? आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की हा प्रसंग जगात पहिलाच नव्हता. १७ महिन्यांपूर्वी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानवर दोन प्रवासी विमाने अशीच एकमेकांवर आली होती. तिथेही नियंत्रकाने एकाला उतरायला सांगितले होते आणि त्याचे यंत्र वर जायला सांगत होते. अगदी थोडक्यात निभावले. काही प्रवासी जखमी झाले, मेले कोणी नाही. जपानने आंतरराष्ट्रीय संघटनेला उपाय करण्याविषयी कळवलेही होते. यंत्राची आज्ञा नियंत्रकाच्या आज्ञेहून श्रेष्ठ, हा नियम मात्र पक्का झाला तो २००३ च्या नोव्हेंबरात. शहाणपण जगात होते. ते त्या कप्तानापर्यंत पोचले नव्हते. या न पोचण्याचा दोष कोणाच्या पदरी घालावा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. तिथला रोख अर्थातच आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, आणि विमानाच्या अपघाताला तो अध्याय लावणे म्हणजे पंडितांचा रोष ओढवून घेणे होय. तरीही त्या रात्रीकडे पाहताना मला ही पाच नावे आठवतात. अर्ध्या अंधाऱ्या खोलीतले ते अधिष्ठान, ती बंद पडलेली साधने, कार्ल्सरुहपासून उफापर्यंतच्या नाना जणांच्या चेष्टा, आणि मुलांचे विमान हुकावे हे दैव. पाचांतला कर्ता तेवढा आपल्या हाती सापडतो, कारण त्याला मानगूट असते.

आणि ती धरलीही गेली. स्पेनमध्ये कामाला असलेला एक रशियन वास्तुविशारद त्या विमानाची वाट पाहत होता. त्यात त्याची बायको, मुलगा आणि चार वर्षांची मुलगी होती. तो अपघाताच्या जागी धावला. शोध घेताना त्याला मुलीच्या गळ्यातली मोत्यांची तुटलेली माळ सापडली. (आज तिथे स्मारक म्हणून तुटल्या माळेच्या मोत्यांसारखे पोलादी गोळे मांडून ठेवले आहेत.) त्याला त्या कंपनीकडून क्षमेचे चार शब्द हवे होते. ते आले नाहीत. उलट पहिल्या दिवसांत कंपनीने रशियन वैमानिकांकडेच बोट दाखवले होते. २४ फेब्रुवारी २००४ रोजी तो झुरिकजवळ राहणाऱ्या नियंत्रकाच्या दारात गेला. मुलांची छायाचित्रे दाखवून क्षमा मागायला लावायची होती, त्याने हात झटकला आणि छायाचित्रे खाली पडली, असे त्याचे सांगणे. त्याने सुरा चालवला. नियंत्रकाची बायको आणि मुले घरातच होती.

खुन्याला ८ वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी होण्याआधी, २००७ च्या नोव्हेंबरात तो सुटला, आणि उत्तर ओसेतियात लोकांनी वीराचे करावे तसे त्याचे स्वागत केले. पुढे तो तिथे उपमंत्रीही झाला. हे स्वागत मला पटत नाही. पाच कारणांतल्या एकाला, तेही सर्वांत थकलेल्याला, त्याने मारले. पण त्याला नुसते वेडा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ‘कसे झाले?’ याचे उत्तर शोधायला शहाणी माणसे दोन वर्षे खपत होती. त्याचा प्रश्न तो नव्हताच. ‘माझे जे गेले ते आमच्याकडून गेले, असे म्हणणारा कोणी आहे की नाही?’ हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देणे चौकशी मंडळाच्या कामातच बसत नव्हते.

कायद्याने मग आपले काम आपल्या चालीने केले. स्वित्झर्लंडमधल्या न्यायालयाने २००७ साली कंपनीच्या आठांपैकी चौघा कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले. तिघांना स्थगित कैद, एकाला दंड. कॉन्स्टन्सच्या न्यायालयाने त्याच्या आदल्या वर्षी निराळेच सांगितले होते: आपल्या आकाशाची राखण रीतसर करारावाचून परक्यांकडे सोपवली, म्हणून भरपाईला जर्मन राज्यच जबाबदार. दोष असा दारोदार फिरत राहिला.

मग दंड करूच नये काय? दारू पिऊन विमान चालवणाऱ्याला किंवा दुरुस्ती न करता वहीत खोटी नोंद करणाऱ्याला तुरुंगात घातले तर कोणी हरकत घेत नाही. प्रश्न प्रामाणिक चुकीचा आहे, आणि तिथे माझ्या धंद्याचा अनुभव मला एका बाजूला ओढतो. मास्तराने हातात छडी घेऊन ‘काच कोणी फोडली?’ असे विचारले, की वर्गात चाळीस मुके बसतात, आणि शेवटी नाव निघते ते सर्वांत दुबळ्या पोराचे. छडी कपाटात ठेवून ‘काच फुटली कशी, सांगा पाहू’ म्हटले, की तीच पोरे एकमेकांच्या आधी बोलू लागतात: तावदान आधीच सैल होते, चेंडूसाठी दुसरी जागा नव्हती, शिपायाला दोनदा सांगितले होते. अमेरिकेत १९७६ पासून अशी एक सोय आहे. वैमानिकाने आपली चूक आपण होऊन कळवायची. ती नोंद त्याचे नाव काढून सर्वांसाठी ठेवली जाते, आणि जाणूनबुजून केलेला किंवा गुन्ह्याचा प्रकार नसेल तर कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळते. याउलट जपानमधल्या त्या हुकलेल्या अपघाताबद्दल दोन नियंत्रकांवर खटला झाला. त्यांतला एक शिकाऊ होता. त्याने विमानांच्या क्रमांकांत गल्लत केली होती. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, वरच्याने दोषी धरले, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. न्याय झाला असेल. पण तिथला पुढचा शिकाऊ आपली गल्लत वरिष्ठांना सांगताना क्षणभर अडखळेल, असे मला वाटते, आणि त्या क्षणाची किंमत कोण मोजणार?

आपणही चकलीच्याच न्यायाचे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उडताक्षणीच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसे गेली. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. इंजिनांचे इंधन तोडणाऱ्या दोन कळा एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ झाल्या. एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘बंद का केलेस?’ असे विचारले, दुसऱ्याने ‘मी केले नाही’ असे उत्तर दिले. एवढे त्यात होते. कोणी कोणाला विचारले, हे नव्हते. त्या दोन वाक्यांवर देशात घराघरांतून खटले चालले आणि निकालही लागले. चहाचा पेला खाली ठेवण्याच्या आत दोन मेलेल्या माणसांपैकी एकाला आपण फासावर चढवत होतो. त्यांतल्या एकाच्या नव्वदीच्या घरातल्या पित्याला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तुमच्या मुलावर प्राथमिक अहवालात दोष ठेवलेला नाही, असा धीर न्यायालयाने त्याला दिला. एक पिता दोष मागायला परक्याच्या दारात गेला होता. हा दुसरा, मुलावरचा दोष उतरवावा म्हणून. दोघांनाही हवे होते ते दुसऱ्या कोणी तरी आपण होऊन करायला हवे होते.

आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरी समाचाराला जातात. जाणारा चपला बाहेर काढतो, ओसरीवर टेकतो, बराच वेळ काही बोलत नाही. औषधपाणी कोणाचे चुकले, वैद्याला बोलवायला उशीर कोणी केला, हे त्या वेळी कोणी काढत नाही. आणि समाचाराला गेला म्हणून गुन्हा कबूल केला, असेही कोणी मानत नाही. पंचनाम्याची वाट पाहून समाचाराला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कंपन्यांना मात्र शब्द तोंडातून गेला की देणे अंगावर येईल, अशी धास्ती असते. युबरलिंगेनचा अहवाल १९ मे २००४ रोजी प्रसिद्ध झाला. त्या दिवशी झुरिकच्या कंपनीने जबाबदारी स्वीकारली आणि मृतांच्या नातलगांची क्षमा मागितली. अपघात होऊन तेव्हा २२ महिने उलटले होते, आणि नियंत्रकाच्या खुनाला १२ आठवडे.